दोन वायरी, एक यूपीएस

सांगलीच्या गणपती पेठेत मुख्य कार्यालय असलेल्या एका पतसंस्थेचं हे प्रकरण. नाव लिहीत नाही. ठेवीदार तेच आहेत आणि संस्था व्यवस्थित चाललीय. शाखा नऊ: सांगलीत तीन, शिवाय मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस, विटा आणि कवठेमहांकाळ. त्यांचं हार्डवेअर आणि नेटवर्क मी वर्षाच्या करारावर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, बिघडलं की मला फोन येतो. पुढे जे घडलं त्यात माझ्याही दोन चुका आहेत. त्या ज्या त्या ठिकाणी सांगतो.

सगळ्या शाखांचा हिशोब एकाच सर्व्हरवर. शाखेत फक्त पीसी, पासबुक प्रिंटर आणि पिग्मी एजंटांची मशीन जोडायची वायर. पलूसला कुणी दोनशे रुपये भरले तरी नोंद उमटायची ती गणपती पेठेत. २०१८ साली हा सर्व्हर घेताना संचालक मंडळाने हात आखडता घेतला नव्हता. दोन टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहील अशी जोडणी), दोन पॉवर सप्लाय, दोन नेटवर्क पोर्ट. कोटेशनच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘रिडंडंट’ हा शब्द होता आणि मीटिंगमध्ये मी त्याचा अर्थ सांगितला होता, ‘एक गेलं तरी दुसरं आहे.’ हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी आलं.

मध्ये २०१९ चा पूर येऊन गेला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठ पाण्यात होती. पाणी चढायच्या आत दोन क्लार्क आणि शिपाईमामांनी सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेला, म्हणून तो वाचला. यूपीएस जड, तो खालीच राहिला आणि बुडाला. पाणी ओसरल्यावर नवा यूपीएस आला आणि सर्व्हर पुन्हा तळमजल्यावर, लॉकर खोलीमागच्या बोळकांडीत जाऊन बसला. कारण काय, तर सगळ्या वायरी तिथं येतात. मीही तेव्हा काही बोललो नाही.

गुरुवारची दुपार

मे २०२३. दिवसभर अंगाची काहिली आणि साडेचारच्या सुमारास वळीव. विजा, वारा आणि मग लाइट गेली. यूपीएसने दोनदा टीं टीं केलं आणि काही सेकंदांत मान टाकली. सर्व्हरही त्याच क्षणी बंद. पॉवर सप्लाय दोन होते खरे, पण दोन्हींच्या वायरी त्याच यूपीएसच्या मागे शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या होत्या. त्या २०१९ मध्ये मीच खोचल्या होत्या. ही माझी पहिली चूक.

यूपीएसमध्ये बारा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. अशा माळेत एक बॅटरी मेली की सगळी माळ मेली, बाकीच्या सात धडधाकट असल्या तरी. सीलबंद बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं आणि तेही २५ अंशांच्या आसपास ठेवली तर. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. लॉकर खोलीमागच्या बोळात मे महिन्यात काय तापमान असेल, ते सांगलीकराला सांगायला नको. बॅटऱ्या चार वर्षांच्या झाल्या होत्या. रोज हिरवा दिवा दिसायचा, पण तो वीज असल्याचा दिवा. बॅटरी ओझं पेलते का, हे लाइट जाईपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

चाळीस मिनिटांनी लाइट आली. सर्व्हर सुरू केला, तो काळ्या पडद्यावर अडकला. मॅनेजरसाहेबांचा फोन आला, “दादा, स्क्रीनवर नुसतं इंग्रजी आलंय आणि पुढं जाईना. येताय का जरा?”

गेलो. चार डिस्कपैकी एकीचा दिवा बंद, एकीचा पिवळा. शिपाईमामांना विचारलं, हा पिवळा कधीपासून आहे?

“तो व्हय? तो शिमग्यापासनं हाय की. मला वाटलं, पिवळा म्हंजे चालू.”

डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची, म्हणजे कंट्रोलरची नोंद काढली. मामांचं बरोबर होतं. पहिली डिस्क मार्चच्या पहिल्या आठवड्यातच गळाली होती. त्या वेळी कंट्रोलरने शिट्टीही वाजवली होती आणि ती ऐकून क्लार्कताईंनी मला फोनही केला होता. मला वाटलं यूपीएस ओरडतोय. “बटण दाबून गप्प करा, मार्चअखेर होऊ दे, मग येतो,” असं सांगून मी विसरलो. ही दुसरी चूक. इशाऱ्याचे ईमेलही रोज जात होते, पण वर्षभरापूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर.

बेरीज माहीत असली तरी

रेड ५ काय करतं ते मी मॅनेजरसाहेबांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. तीन रकमा आणि खाली बेरीज, अशी ओळ धरा. शाई सांडून एक रक्कम पुसली तरी बेरजेतून बाकीच्या वजा करून ती काढता येते. दोन पुसल्या तर मात्र येत नाही. मार्चपासून संस्था एक रक्कम पुसलेल्या ओळीवर चालली होती. नऊ शाखांच्या प्रत्येक व्यवहारात सर्व्हर ती हरवलेली रक्कम बेरजेतून काढून देत होता, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. गुरुवारी दुसरी पुसली गेली.

दुसरी डिस्क नेमकी त्याच दिवशी का गेली, याला लोक नशीब म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या. चारही सुमारे ४३,००० तास एकाच उष्णतेत फिरलेल्या. पाच वर्षं अखंड फिरणारी मोटर एकदम थांबून थंड झाली, की पुन्हा सुरू होतानाच रुसते. अशा भावंडांचं मरणही मागेपुढेच येतं. एका मोठ्या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडींबद्दल, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कबद्दल जाहीर केलं होतं, की आतला प्रोग्राम अद्ययावत केला नाही तर त्या ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी कायमच्या बंद पडतील. ज्याने त्या एकाच दिवशी चार बसवून चालू केल्या असतील त्याला रेडचा काय उपयोग?

आणखी एक बाब आहे, ती विक्रेते सांगत नाहीत. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की १०^१४ बिट वाचले की एखादी वाचता न येणारी चूक निघू शकते. १०^१४ बिट म्हणजे साडेबारा टीबी. चार डिस्कमधली एक बदलली, तर नवी भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे सहा टीबी. कागदावरच्या हिशोबाने दुरुस्ती वाटेत अडखळण्याची शक्यता तिघांत एकाहून जास्त. प्रत्यक्षात डिस्क कागदापेक्षा बऱ्या वागतात, पण जे कोपरे वर्षानुवर्षं कुणी वाचलेलेच नाहीत ते खराब झालेत की नाही, हे दुरुस्तीच्या दिवशीच कळतं. म्हणूनच कंट्रोलरमध्ये सगळ्या डिस्क अधूनमधून स्वतःहून वाचून बघायची सोय असते. आमच्याकडे ती बंद होती.

काय केलं नाही

त्या संध्याकाळी सगळ्यात अवघड काम होतं ते बटण न दाबण्याचं. कंट्रोलरमध्ये गळालेल्या डिस्कला जबरदस्तीने ‘चालू’ म्हणायची सोय असते. मॅनेजरसाहेब खांद्यामागे उभे, चेअरमनसाहेबांचा दर पंधरा मिनिटांनी फोन, आणि पडद्यावर ते बटण. पण दोन गळालेल्या डिस्कपैकी मार्चमधली आता दोन महिने शिळी. ती चालू केली असती तर सर्व्हर बहुधा उठलाही असता आणि मार्चचे आकडे मेच्या आकड्यांत कालवून सगळी खतावणी नासवली असती. जबरदस्तीने उठवायचीच तर शेवटी गेलेली उठवायची, आणि तीही नक्कल काढल्याशिवाय नाही.

मार्चमध्ये गेलेल्या डिस्कला चिठ्ठी लावून बाजूला ठेवली. गुरुवारी गेलेली काढून दुसऱ्या पीसीला जोडली. पहिल्यांदा नुसती कुरकुरली. दुसऱ्या वेळी फिरली. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी चांगला भाग भराभर उचलतो आणि खराब जागा नंतरसाठी ठेवतो; साध्या कॉपीसारखा पहिल्याच खड्ड्यात तो रुतून बसत नाही. दोन टीबीच्या निरोगी डिस्कला पाचेक तास लागले असते. हिला एकोणीस लागले, आणि काही शे केबी सोडून सगळं निघालं. उरलेल्या दोन ‘निरोगी’ डिस्कच्याही नकला काढल्या. त्यांतल्या एकीवर वाचायला अडणारे १६ सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारीक कप्पे, आधीच नोंदलेले होते. म्हणजे तिसरीही दारात उभीच होती.

मग तिन्ही नकला एका वेगळ्या मशीनवर सॉफ्टवेअरने जोडल्या, फक्त वाचण्यापुरत्या. त्यासाठी डिस्कचा क्रम, पट्टीचा आकार (एका डिस्कवर किती लिहून पुढच्या डिस्कवर जायचं) आणि बेरीज डिस्कांवर कोणत्या क्रमाने फिरते हे माहीत असावं लागतं. पट्टीचा आकार कंट्रोलरमधून मिळाला. क्रम मी २०१८ साली खोक्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवला होता. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःबद्दल बरं वाटावं अशी ती एकच गोष्ट.

बॅकअप होता की, असं कुणी विचारेल. होता. सर्व्हरलाच चिकटवलेल्या यूएसबी डिस्कवर रोज रात्री व्हायचा. ती डिस्क भरली होती. शेवटचा पूर्ण बॅकअप तेवीस दिवसांपूर्वीचा, आणि ‘अयशस्वी’ हा निरोप रोज पुण्याला जात होता.

शुक्रवार, शनिवार

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते आणि तिच्या ठेवींना बँकेसारखं विमा संरक्षण नसतं. हे ठेवीदाराला नीट माहीत असतं. म्हणून बँकेचा सर्व्हर बंद पडला तर लोक वैतागतात आणि पतसंस्थेचा पडला तर घाबरतात. शुक्रवारी अकराला तासगावच्या मॅनेजरचा फोन आला. बेदाण्याचे पैसे काढायला शेतकरी आलेत आणि बाहेर कुणीतरी म्हणतंय, ‘कंप्यूटर बिघडलाय हे सांगायचं झालं, आतली गोष्ट निराळीच.’

इथं चेअरमनसाहेबांनी जे केलं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. ते स्वतः तासगावला जाऊन काउंटरच्या बाहेर खुर्ची टाकून बसले. पासबुकावर शेवटची छापील शिल्लक बघून, हाताने व्हाउचर लिहून पाच हजारांपर्यंत द्यायचे. जास्त हवे असतील तर सोमवारचा शब्द द्यायचा. बहुतेकांनी पैसे न काढताच चहा घेतला. पिग्मी एजंटांचं काम थांबलं नाही, त्यांच्या मशीनमध्ये जमा साठत राहिली. शाखांनी रोजकीर्द हाताने लिहिली. साठीजवळ आलेले दोन कॅशियर सोडले, तर ती कशी लिहायची हे कुणाला येत नव्हतं, हाही एक शोधच.

एक गोष्ट कुणालाच कळेना. हिशोब बंद ठीक, पण शाखांमधलं इंटरनेट का बंद? लाइन चालू, राउटरचे दिवे हिरवे, आणि एकही पान उघडत नाही. उत्तर साधं होतं. सगळ्या पीसींना नाव-पत्ता विचारण्यासाठी, म्हणजे डीएनएससाठी, हाच सर्व्हर दिला होता. लॉगिनही त्याच्याच भरवशावर. घरातला कर्ता माणूस आजारी पडला की रेशनकार्ड कुठं ठेवलंय हेही कुणाला माहीत नसतं, तशातला प्रकार.

रविवारी संध्याकाळी डेटाबेस उठला. तपासणीत खराब निघालेली पानं जवळजवळ सगळी सह्यांच्या स्कॅन केलेल्या चित्रांची. रकमांच्या तक्त्यांना धक्का नव्हता. गुरुवारच्या शेवटच्या काही मिनिटांतले व्यवहार व्हाउचरशी ताडून घेतले. दोनेकशे सभासदांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या. एका उसन्या मशीनवर सोमवारी दहाला काउंटर उघडले.

खडू

पंधरा दिवसांनी संचालक मंडळाची बैठक झाली. मी नव्या सर्व्हरचं कोटेशन घेऊन गेलो होतो. चेअरमनसाहेबांनी ते उघडलंच नाही. म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, एक गेलं तर दुसरं आहे. मग दुसरं कुठं गेलं होतं?”

त्या प्रश्नाला मी कागदावर उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून मॅनेजरसाहेबांना घेऊन, हातात खडू घेऊन इमारतभर फिरलो. जी वस्तू गेली की नऊ शाखा थांबतील, तिच्यावर फुली मारायची. सर्व्हरवर एक, हे अपेक्षितच. मग यूपीएसवर. मग ज्या एमसीबीवरून यूपीएसला वीज येते तिच्यावर. मग रेड कंट्रोलरवर, कारण डिस्क चार असल्या तरी त्यांच्या डोक्यावर कार्ड एकच. ते जळलं तर त्याच जातीचं दुसरं शोधत बसायचं. मुख्य स्विचवर, फायरवॉलवर. इंटरनेटच्या लाइन दोन कंपन्यांच्या होत्या, म्हणून तिथं फुली मारणार नव्हतो. बाहेर जाऊन पाहिलं तर दोन्ही फायबर एकाच विजेच्या खांबावरून आलेल्या आणि कोपऱ्यावर एकाच पाइपातून आत शिरलेल्या. ड्रेनेजच्या खोदाईत जेसीबीने तो पाइप उचलला तर दोन्ही कंपन्या एकदम बंद. खांबावर फुली मारली. तळमजल्यावर मारली, कृष्णेला कंपन्यांची नावं कळत नाहीत.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि माझ्या शर्टाच्या बाहीवर बारीक फुली मारली. सगळे हसले. पण साहेब ते गमतीत करत नव्हते.

रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या तिघांनी, पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा RAID या नावातल्या ‘आय’चा अर्थ ‘स्वस्त’ असा होता. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त पुष्कळ डिस्क, असा विचार. पुढे बाजाराने त्या अक्षराचा अर्थ बदलून ‘स्वतंत्र’ केला. आमच्या सर्व्हरमधल्या डिस्क स्वस्त होत्या, पण स्वतंत्र नव्हत्या. एक खोकं, एक दिवस, एक वारा, एक वायर.

किती वेळ थांबू शकता?

बैठकीत मी दोनच प्रश्न विचारले. सर्व्हर गेला तर किती वेळ काउंटर बंद ठेवू शकता? आणि किती वेळाच्या नोंदी पुन्हा हाताने भरायची तयारी आहे? पहिल्याला एकेकाचं उत्तर ‘शून्य’ असं आलं. शून्याची किंमत सांगितल्यावर बराच खल होऊन ‘दोन तास’ ठरलं. दुसऱ्याचं उत्तर कॅशियरमॅडमनी दिलं, “दहा मिनिटांची व्हाउचरं टेबलावरच असतात. तेवढी भरू आम्ही.” सगळी रचना या दोन उत्तरांतून निघाली.

एका संचालकांचा आग्रह होता, की सगळं पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये टाका आणि मोकळे व्हा. सल्ला चुकीचा नाही. वीज, उष्णता आणि पूर या तीन फुल्या त्याने एकदम पुसल्या जातात. पण संस्थेचं सॉफ्टवेअर जुन्या घडणीचं, शाखेचा पीसी दर क्लिकला डेटाबेसशी बोलतो. लांबच्या लाइनवर ते रांगायला लागलं. चाचणीत एक पासबुक छापायला लागलेला वेळ बघून त्या संचालकांनीच विषय सोडला. सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा मी स्वतः त्याच बाजूने बोलेन.

ठरलं ते असं. मुख्य सर्व्हर गणपती पेठेतच, पण दुसऱ्या मजल्यावर. दुसरा, जवळजवळ तसाच, दहा किलोमीटरवर मिरज शाखेच्या पहिल्या मजल्यावर. कृष्णा घाटाकडचा भाग सोडला तर मिरज उंचावर आहे. मुख्य सर्व्हरच्या व्यवहारांची नोंदवही, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग, दर पाच मिनिटांनी मिरजेला जाते आणि तिथल्या डेटाबेसवर चढते. कॅशियरमॅडमच्या दहा मिनिटांत हे बसतं. दर क्षणी दोन्हीकडे एकदम लिहिणारी पद्धतही असते, पण तिच्यात मिरजेची लाइन मंदावली की सांगलीचा काउंटरही मंदावतो.

खरा वाद झाला तो सर्व्हर आपोआप बदलावा का, यावर. मी नको म्हणालो. मशीन दोनच असली आणि मधली लाइन तुटली, तर प्रत्येकाला वाटतं समोरचा मेला. मिरजेचा उठून स्वतःला मुख्य म्हणवतो, सांगलीचा तर आहेच मुख्य. अर्ध्या शाखा इकडे लिहितात, अर्ध्या तिकडे. एका संस्थेच्या दोन रोजकीर्दी, आणि लाइन जोडली गेल्यावर खरी कोणती ते ठरवणार कोण? हे टाळायला तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार मशीन लागतं. आमच्या भागात सर्व्हर जितक्या वेळा मरतो त्याच्या कैक पट वेळा लाइन तुटते. ज्या दुखण्याला औषध द्यायचं त्यापेक्षा औषधाचंच दुखणं मोठं झालं असतं. म्हणून बदल माणसाने करायचा. मॅनेजरसाहेब आणि मिरजेचे शाखाधिकारी फोनवर एकमेकांना विचारतात, सांगलीचा सर्व्हर खरोखर बंद करून त्याची वायर काढली आहे याची खात्री करतात, मगच मिरज मुख्य होते.

डिस्कसाठी रेड १० घेतलं, म्हणजे डिस्कच्या जोड्या आणि जोडीतल्या दोघींवर तेच लिहिलेलं. चार डिस्कमध्ये रेड ६ सुद्धा तितकीच जागा देतं आणि कोणत्याही दोन गेल्या तरी तगतं. रेड १० मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर बुडतं. तरी ते घेतलं, कारण बारीकसारीक नोंदी सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला ते झेपतं आणि दुरुस्तीच्या वेळी एकाच जोडीदार डिस्कवर ताण येतो, सगळ्यांवर नाही. पाचवी डिस्क तयार राखीव. आणि पाचही एका दुकानातून घेतल्या नाहीत. दोन सांगलीतून, दोन कोल्हापुरातून, एक महिनाभर थांबून. दुकानदार वेड्यात काढत होता.

बाकीच्याला फार डोकं लागलं नाही. यूपीएस दोन, वेगवेगळ्या एमसीबीवर, प्रत्येकाला एकच पॉवर सप्लाय. यूपीएस ते सर्व्हर निरोपाची वायर, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. ती वायर २०१९ पासून खोक्यात न उघडता पडून होती. दर तीन महिन्यांनी संध्याकाळी मेन बंद करून घड्याळ लावून बघायचं, बॅटरी किती टिकते. दुसरी लाइन फायबर नको म्हणून गच्चीवर अँटेना. स्विच आणि फायरवॉलला जोडीदार दिला नाही. सेटिंग भरून ठेवलेला एकेक राखीव नग कपाटात ठेवला. पंधरा मिनिटांत बदलता येणाऱ्या वस्तूला चोवीस तास जागा राहणारा जोडीदार कशाला? लॉगिन आणि डीएनएसचा दुसरा सर्व्हर मिरजेत, आणि प्रत्येक पीसीला दोन्ही पत्ते.

तेरीज

दोन सर्व्हर आले म्हणून बॅकअपची गरज संपली, असं एका संचालकांना वाटत होतं. कुणी चुकून खाती पुसली तर तो पुसण्याचा हुकूमही पाच मिनिटांत मिरजेला पोचतो, हे ऐकल्यावर ते गप्प झाले. आता तीन डिस्क आळीपाळीने फिरतात. एक जोडलेली, एक मॅनेजरसाहेबांच्या कपाटात, एक मिरज शाखेच्या लॉकरमध्ये. स्वतःच्याच संस्थेत लॉकर घेऊन त्याचं भाडं भरणारी ही पहिलीच संस्था असेल.

बॅकअप चांगला आहे की नाही हे ठरवायची युक्ती कॅशियरमॅडमची. दर शनिवारी एका जुन्या पीसीवर तो उतरवायचा, त्यातून तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा गोषवारा, काढायचं आणि चालू पुस्तकातल्या त्याच तारखेच्या तेरजेशी ताडायचं. पैशापर्यंत जुळली तर बॅकअप आहे, नाहीतर नाही. मी आजवर फाइलचा आकार बघून माना डोलवत आलो होतो.

इशारे आता तिघांच्या फोनवर येतात. शिवाय रोज सकाळी नऊला ‘सगळं ठीक’ असा निरोप येतो. तो आला नाही, तर तोच इशारा.

पहिली रंगीत तालीम एका रविवारी केली. सांगलीचा सर्व्हर बंद करून मिरज उभी करायची. दोन तासांची बोली होती, लागले सव्वाचार. मिरजेचा डेटाबेस सहा मिनिटांत उठला होता. वेळ खाल्ला शाखांनी. सॉफ्टवेअरने जुन्या सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता प्रत्येक पीसीच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवला होता. विट्याला एक, पलूसला तीन अशा फाइली शोधत बसलो. मार्केट यार्ड शाखेचा पीसी उघडल्यावर पंख्यावर हळदीचा बोटभर पिवळा थर निघाला, ते वेगळंच. त्यानंतर सगळीकडे पत्त्याऐवजी नाव घातलं, आणि नाव कुठं दाखवतं ते एकाच ठिकाणी बदलायचं. दुसऱ्या तालमीला अडतीस मिनिटं लागली. पैकी वीस मिनिटं कवठेमहांकाळचे शाखाधिकारी फोन उचलत नव्हते.

माझ्या बाहीवरची फुली अजून पूर्ण पुसलेली नाही. कुपवाडचा एक मुलगा दर तालमीला सोबत असतो आणि मागच्या वेळी मी हात न लावता बघत राहिलो. पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य पासवर्ड अजून एकाच माणसाकडे आहे आणि तो माणूस आमच्यापैकी नाही. त्याचा सीलबंद लिफाफा मागितलाय. अजून आलेला नाही.

शिपाईमामा रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या गणपतीला उदबत्ती लावतात. ती घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर जातात, सर्व्हरला ओवाळतात आणि दिवे मोजतात. हे काम त्यांना मीच दिलं, ओवाळणं त्यांचं. डिसेंबरमध्ये सकाळी पावणेदहाला त्यांचा फोन आला, “दादा, पाच हिरवं असत्यात, आज चारच हायेत. एक पिवळा हाय.” माझ्या फोनवरचा इशारा त्यानंतर दोन मिनिटांनी वाजला. राखीव डिस्कने जागा घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत जाऊन मेलेली डिस्क काढली, नवी बसवली. काउंटरवर कुणाला कळलंही नाही.

महिनाअखेरीला डिस्कचं बिल गेलं, तेव्हा चेअरमनसाहेबांचा फोन आला. “बंद तर काहीच पडलं नव्हतं. मग हे बिल कसलं?”